‘प्रगती नाही’ असं लिहिण्याआधी

न्यू जर्सीतल्या माझ्या पहिल्या नोकरीत ७२० या आकड्याला फार मान होता. हॉस्पिटलमधून सुटलेल्या वृद्धांना घरी जाण्याआधी काही आठवडे जिथे ठेवतात, अशा एका स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटीत मी फिजिकल थेरपिस्ट होते. खुबा मोडलेले, न्यूमोनियातून उठलेले, पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेले असे पेशंट. मेडिकेअर हा पासष्टीपुढच्यांचा सरकारी विमा तेव्हा अशा केंद्रांना थेरपीच्या मिनिटांवर पैसे देत असे. सगळ्या थेरपी मिळून आठवड्याला ७२० मिनिटं भरली की पेशंट सर्वांत वरच्या दराच्या गटात जायचा. साहजिकच बहुतेकांची गरज ७२० मिनिटांचीच निघायची. ६९० मिनिटं पुरतील असा म्हातारा मला तिथे कधी भेटला नाही.

१ ऑक्टोबर २०१९ पासून नियम बदलला. मिनिटं न मोजता पेशंटचं निदान आणि अवस्था पाहून पैसे द्यायचे असं ठरलं. कागदावर ही पद्धत जास्त शहाणी होती, अजूनही आहे. पण मिनिटांना भाव उरला नाही म्हटल्यावर देशभर अनेक केंद्रांनी थेरपिस्ट कमी केले आणि उरलेल्यांना तीन-चार पेशंट एकत्र घ्यायला सांगितलं. खुबे पूर्वीसारखेच मोडत होते, माणसंही त्याच वयाची होती. त्यांची गरज तेवढी एका रात्रीत कमी झाली. बदलाच्या आधी काय आणि नंतर काय, एक प्रश्न कुणीच विचारत नव्हतं: या माणसाला इथून उठून नेमकं काय करायचं आहे, आणि त्यासाठी त्याच्या शरीराला किती कामाला लावावं लागेल?

हा प्रश्न विचारायची सवय मला दोन पदव्या एकदम केल्यामुळे लागली. मी मूळची मिरजेची. बीपीटीएच ही फिजिओथेरपीची पदवी महाराष्ट्रातच घेतली. अमेरिकेत फिजिकल थेरपीला आता तीन वर्षांची डॉक्टरेट लागते. तिच्याबरोबर मी जेरोन्टॉलॉजीत, म्हणजे वृद्धत्वाच्या अभ्यासात, मास्टर्स घेतलं. काही विषय दोन्हीकडे धरले जातात, त्यामुळे वेळ वाचतो. झोप वाचत नाही. मिरजेला फोनवर हे सांगितलं तेव्हा आत्याने विचारलं, “म्हातारपणात शिकण्यासारखं काय असतं गं? ते आपोआपच येतं की.” जेरोन्टॉलॉजी हे नाव १९०३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एली मेचनिकॉव्ह यांनी दिलं, आणि १९७५ मध्ये लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात या विषयाचं स्वतंत्र महाविद्यालय निघालं, हे मी तिला सांगत बसले नाही. तिचा प्रश्न वाटतो तितका चुकीचा नव्हता. फिजिकल थेरपीच्या वर्गातही म्हातारपण आपोआप येणारी गोष्ट म्हणूनच शिकवलं जात होतं.

तिथे ते उतरत्या आलेखाच्या रूपात यायचं. स्नायू घटतात, हाडं विरळ होतात, तोल सांभाळणारी यंत्रणा मंदावते, पावलं आखूड पडतात. मग मोजमापं. ‘टाइम्ड अप अँड गो’ ही १९९१ मधली चाचणी सगळ्यांना तोंडपाठ: खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ किंवा त्याहून जास्त सेकंद लागले तर पडण्याचा धोका धरायचा. बर्ग बॅलन्स स्केलमध्ये १४ कृती आणि ५६ गुण. मला ही मोजमापं मनापासून आवडतात. आजही माझ्या खिशात स्टॉपवॉच असतं आणि मोजमाप न करता ‘छान चाललंय’ म्हणणाऱ्या थेरपिस्टवर माझा विश्वास नाही. पण अकरा सेकंदांत तीन मीटर जाऊन आलेली बाई घरी गेल्यावर कुठे चालणार आहे आणि कशासाठी, हे स्टॉपवॉचला कळत नाही.

संध्याकाळच्या जेरोन्टॉलॉजीच्या वर्गात माझ्या आजूबाजूला समाजकार्यकर्ते, नर्स, एक वकीलबाई आणि वृद्धांसाठी घरं बांधणाऱ्या कंपनीतला एक माणूस असे लोक होते. स्नायू हा शब्द तिथे आठवडाभर निघायचा नाही. एम. पॉवेल लॉटन या मानसशास्त्रज्ञाचं एक म्हणणं तिथे शिकले, ते मला रोज लागतं. माणसाची कुवत आणि भोवतालची त्याच्याकडून असलेली मागणी यांचा मेळ बसायला हवा. मागणी फार वाढली तर माणूस कोलमडतो, हे सगळ्यांना कळतं. मागणी फार कमी झाली तरी तो खचतो, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही.

दुसरी गोष्ट पॉल आणि मार्ग्रेट बाल्टेस या जर्मन दांपत्याची. त्यांच्या मांडणीत पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचं उदाहरण येतं. ऐंशीच्या घरात असूनही मैफली कशा जमतात असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की आता मी कमी रचना वाजवतो, त्या जास्त घोटतो, आणि जलद भागाच्या आधीचा भाग मुद्दाम संथ वाजवतो, म्हणजे पुढचा वेग ऐकणाऱ्याला आहे त्याहून जास्त भासतो. आपल्याकडचे बुजुर्ग गवई पट्टी उतरवून गातात, तेही याच जातीचं शहाणपण. काय सोडायचं, काय घोटायचं, कमतरता कशाने भरून काढायची. फिजिकल थेरपीच्या वर्गात आम्हाला शेवटचे दोन शिकवले जायचे. काय सोडायचं हे पेशंटला विचारायचं असतं, हे तिथे कुणी सांगितलं नव्हतं.

या दोन वर्गांनी मला दोन उलट्या दिशांना ओढावं असं वाटेल. एक म्हणणार शरीर सुधारा, दुसरा म्हणणार आहे त्यात जुळवून घ्या. प्रत्यक्षात उलटंच झालं. पेशंटला जास्त राबवायला मला जेरोन्टॉलॉजीनेच शिकवलं.

त्याचं कारण १९९० मधला बॉस्टनचा एक प्रयोग. मारिया फियातारोने या डॉक्टर बाईंनी तिथल्या वृद्धनिवासातल्या ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांकडून आठ आठवडे वजनं उचलून घेतली. हलकी वजनं नव्हेत. माणूस एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलू शकतो, त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत. मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. १९९४ मध्ये त्यांनी शंभर जणांवर मोठा प्रयोग केला, तेव्हाही ताकद दुपटीहून जास्त झाली. म्हणजे नव्वदीतला स्नायूही हाक दिली तर ओ देतो. हे कळून तीस वर्षं उलटली, तरी कुठल्याही वृद्धकेंद्रातल्या व्यायामाच्या खोलीत जाऊन पाहा. खुर्च्यांची रांग, घोट्याला अर्ध्या किलोची पिशवी, हातात पिवळा रबरी पट्टा, आणि “आणखी दहा वेळा, शाब्बास!” पिवळा पट्टा हा नेहमीच्या पट्ट्यांतला अगदी हलका. साठ किलोच्या बाईला कमोडवरून उठताना स्वतःचं बहुतेक सगळं वजन मांड्यांनी उचलावं लागतं. तिला अर्ध्या किलोने काय तयारी होणार? तिच्या वयाकडे पाहून वजन ठरवलं जातं, तिच्या कामाकडे पाहून नाही. रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये वयावरून होणाऱ्या भेदभावाला ‘एजिझम’ असं नाव दिलं. तो फक्त नोकऱ्यांत आणि घरं भाड्याने देताना होतो असं नाही. तो आमच्या पिवळ्या पट्ट्यातही आहे, आणि तिथे तो मायेच्या रूपात येतो, म्हणून लवकर ओळखू येत नाही.

टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आठवतात. वय ८८. हॉस्पिटलात न्यूमोनियाने दीड आठवडा झोपून काढला होता. निरोगी वृद्धांना दहा दिवस नुसतं अंथरुणात ठेवलं तर पायांतले सुमारे एक किलो स्नायू जातात, हे २००७ मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलंय. हे तर आजारी होते. कागदावर लिहिलेलं होतं, ‘वयोमानानुसार अशक्तपणा’. त्यांना मी लेग प्रेसवर बसवलं. सहकारी जरा बिचकले. रक्तदाब, नाडी, श्वास बघत, छातीच्या डॉक्टरांना विचारून, दर तीन-चार दिवसांनी वजन वाढवत गेले. गृहस्थ पहिल्या दिवशी म्हणाले, आयुष्यभर टपालाच्या थैल्या वाहिल्या, पण म्हातारा झाल्यापासून माझ्या हातात कुणी काही जड दिलंच नाही. घरी जाताना ते हात न टेकता खुर्चीतून उठत होते. वॉकर मात्र सुटला नाही, आणि मी सोडायला लावलाही नाही. त्यांना दारापासून टपालपेटीपर्यंत जायचं होतं, न्यू जर्सीच्या जानेवारीत, घसरड्या बर्फावरून. तिथे वॉकरच हवा.

ही झाली कमी अपेक्षेची गोष्ट. दुसरा दोष याच्या अगदी उलट, आणि तो मला जास्त डाचतो: प्रगती थांबली की हात काढून घेणं.

पार्किन्सनच्या एक बाई होत्या. चर्चच्या गायकवृंदात गायच्या. गाणाऱ्यांच्या जागेपर्यंत तीन पायऱ्या होत्या आणि त्यांना एवढ्या तीनच पायऱ्या हव्या होत्या. तळघरातला कपडे धुण्याचा जिना त्यांनी आपण होऊन सोडला आणि ते काम नवऱ्याकडे दिलं. बाल्टेस दांपत्याला आवडलं असतं. आम्ही तीन पायऱ्या घोटल्या, कठडा बसवून घेतला, वळताना पाय जमिनीला चिकटतात तेव्हा मनात ताल धरायला शिकलो. बाई रविवारी गाऊ लागल्या. मग आकडे थांबले. दर आठवड्याला तेच सेकंद, तेच गुण. तेव्हाच्या वरिष्ठांनी सांगितलं, ‘प्लॅटो’ आला, म्हणजे प्रगती थांबली, बंद करा. पार्किन्सन हा वाढतच जाणारा आजार. तो वाढत असताना आकडे तेच राहिले, याचा अर्थ उपचार लागू पडत होता. पण संगणकाच्या फॉर्ममध्ये ‘प्रगती’ असा रकाना होता. ‘टिकलं’ असा नव्हता. थेरपी बंद झाली. काही महिन्यांनी बाई पडल्या आणि मनगट मोडून परत आल्या.

गंमत अशी की मेडिकेअरच्या कायद्यात सुधारणेची अट नव्हतीच. दावे तपासणारे वर्षानुवर्षं ती धरून चालले होते. व्हरमाँट राज्यातल्या ग्लेंडा जिमो या दृष्टिहीन बाईंचा एक पाय मधुमेहामुळे गुडघ्याखाली काढावा लागला होता. तुम्ही काही सुधारणार नाही, असं म्हणून त्यांना घरी मिळणारी शुश्रूषा नाकारली गेली. त्यांच्या नावाने उभा राहिलेला खटला जानेवारी २०१३ मध्ये तडजोडीने मिटला. त्यात सरकारने मान्य केलं की पेशंट सुधारेल का, हा निकष नाही. त्याची अवस्था टिकवायला किंवा ढासळण्याचा वेग कमी करायला प्रशिक्षित माणसाची गरज आहे का, हा निकष आहे. एवढं होऊनही २०१७ मध्ये न्यायालयाला सरकारला बजावावं लागलं की ही गोष्ट लोकांपर्यंत नीट पोचवा. ती अजूनही पुरती पोचलेली नाही. मी आता घरोघर जाऊन थेरपी देते आणि माझ्या नोंदीत ‘प्रगती नाही’ असं लिहीत नाही. काय टिकलं, ते कशामुळे टिकलं, आणि मी गेले नाही तर काय घसरेल, हे लिहिते. आणि दावे मंजूर होतात.

एडिसन आणि आसपासच्या गावांत आपली माणसं पुष्कळ आहेत, त्यामुळे माझ्या फेऱ्यांत मराठी घरंही येतात. मुलांच्या मागे आलेल्या आईवडिलांना पासष्टी ओलांडली तरी सलग पाच वर्षं इथे राहिल्याशिवाय मेडिकेअर मिळत नाही, आणि इथे नोकरी केलेली नसल्याने पुढेही हप्ता भरून घ्यावं लागतं. त्यामुळे काकांचा पहिला पवित्रा ठरलेला असतो: “कशाला उगीच खर्च? थोडं दुखतंय, जाईल.” पडल्याचं तर सांगतच नाहीत. यात अमेरिकन म्हातारेही मागे नाहीत. इथे पासष्टीपुढच्या दर चौघांतला एक जण वर्षात कधीतरी पडतो आणि त्यांतले निम्मेसुद्धा डॉक्टरांना सांगत नाहीत.

एका घरी काका दिवसेंदिवस अशक्त होत होते. बायको गेल्यावर नाशिकहून मुलाकडे आलेले. व्यायाम नेमाने करायचे, तरी पायात ताकद येईना. दिवसभर घरात एकटे. मी स्वयंपाकघरात शिरून विचारलं, दुपारी काय खाता? चहा आणि बिस्किटं. फ्रिजमध्ये सूनबाई सगळं करून ठेवायची, पण गरम करून वाढून घ्यायची सवय नव्हती आणि एकट्याने जेवायची इच्छा नव्हती. लॉटन आणि एलेन ब्रॉडी यांनी १९६९ मध्ये रोजच्या कामांची आठ कलमांची यादी केली: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, धुणं, प्रवास, औषधं, पैसे. मूळच्या पद्धतीत पुरुषांना यांतल्या पाचच कलमांचे गुण द्यायचे. स्वयंपाक, घरकाम, धुणं वगळून. त्या काळच्या अमेरिकेतही पुरुषांकडून ती अपेक्षा नव्हती. म्हणजे हे काका त्या यादीत पैकीच्या पैकी पास झाले असते आणि तसेच उपाशी राहिले असते. मी त्यांना कुकर लावायला शिकवलं. ओट्याशी वीस मिनिटं उभं राहून डाळ-तांदूळ धुणं, वरच्या कप्प्यातला डबा काढणं, वळणं, वाकणं, हा तोलाचा उत्तम व्यायाम आहे, आणि त्याच्या शेवटी मूगडाळीची खिचडी मिळते. विम्याच्या कागदावर मी ती खिचडी ‘उभ्याने करायच्या कार्यात्मक कृती’ या नावाखाली बसवली.

इचलकरंजीच्या एक काकू मात्र मला सरळ म्हणाल्या, “अगं, खुर्चीवरून ऊठबस मला येतेच. तू मला खाली बसायला शिकव. देवापुढे मांडी घालून बसता आलं पाहिजे आणि माझं मला उठता आलं पाहिजे.” मुलगा म्हणाला, आई, देव टेबलावर ठेवू की. काकूंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इथल्या शिक्षणात जमिनीवरून उठणं येतं ते पडल्यावर काय करायचं या धड्यात. आपल्याकडे तो रोजच्या जगण्याचा भाग आहे. ब्राझीलमधल्या क्लाउडिओ जिल अराउजो यांनी नेमकी हीच कृती चाचणी म्हणून वापरली. जमिनीवर बसायचं, उठायचं, दहा गुण, हात किंवा गुडघा टेकला की एकेक गुण कमी. ५१ ते ८० वयाच्या दोन हजारांवर लोकांचा त्यांचा अभ्यास २०१२ मध्ये आला. ज्यांना कमी गुण होते, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. खाली बसल्याने आयुष्य वाढतं, असा याचा अर्थ लावू नये. पायांची ताकद, सांध्यांची लवचीकता, तोल, वजन हे सगळं त्या एका कृतीत उघड होतं, एवढंच. काकूंसाठी आम्ही उंच स्टुलापासून सुरुवात केली, मग बुटकं स्टूल, मग एकावर एक तीन पाट, मग दोन. उठताना आधी एका गुडघ्यावर यायचं, हात सोफ्यावर. गुडघे बदललेल्यांनी मात्र आपल्या सर्जनला विचारल्याशिवाय हे करू नये.

आपल्या घरांत मला अडचण येते ती बहुधा प्रेमाची. आई आली की सून म्हणते, तुम्ही काही करू नका, आयुष्यभर केलंत. मुलगा हातातली पिशवी घेतो, पाण्याचा पेला आणून देतो, जिना चढावा लागू नये म्हणून खालीच पलंग टाकतो. सहा महिन्यांत आईचं चालणं पलंग ते बाथरूम एवढंच उरतं आणि मग मला बोलावतात. लॉटन यांच्या म्हणण्यातला दुसरा भाग तो हाच. मागणी संपली की कुवत संपते. अशा घरी मी व्यायाम लिहून देण्याआधी कामं वाटून देते: भाजी निवडणं उभ्याने, टपाल आणणं आजींनी, दिवसातून एकदा जिना कठडा धरून, मागे माणूस ठेवून. सुनांना हे मागणं कठोर वाटतं. आज्यांना वाटत नाही.

हे लिहायचं कारण इतकंच, की इकडे काय किंवा महाराष्ट्रात काय, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आईवडिलांसाठी फिजिओथेरपिस्ट येत असतील. पहिल्याच दिवशी बघा, आईला किंवा वडिलांना परत काय करायचं आहे ते त्यांनी विचारून लिहून घेतलं का. आणि महिन्याभरानंतरही तोच पिवळा पट्टा आणि तेवढंच वजन चालू असेल, तर वजन कधी वाढवणार, असं स्पष्ट विचारा.